लिनक्स लॅपटॉपवरची दुसरी चिप: एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवणं आणि चिपला झोपवणं

लॅपटॉपच्या कोपऱ्यावर एनव्हिडियाचा हिरवा स्टिकर असला, तरी समोरच्या पडद्यावरचं चित्र बहुतेक वेळा एनव्हिडियाची चिप पाठवत नाही. ते काम प्रोसेसरच्या आतली इंटेल किंवा एएमडीची छोटी ग्राफिक्स चिप करते, कारण पडद्याची केबल तिलाच जोडलेली असते. जड काम आलं की एनव्हिडियाची चिप चित्र तयार करते, पीसीआय एक्सप्रेसवरून ते छोट्या चिपकडे पोचवते, आणि पडद्यावर दाखवण्याचं काम पुन्हा छोटीच चिप करते. ही मांडणी एनव्हिडियाने फेब्रुवारी २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ या नावाने आणली. बॅटरी दोन-तीन तासांत संपते, एचडीएमआयला प्रोजेक्टर लावला तर काहीच दिसत नाही, झाकण उघडलं की पडदा काळा, या नेहमीच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ या मांडणीत आहे. ड्रायव्हर बसवणं त्यामानाने सोपं आहे. कुठली चिप कशाला जोडली आहे हे आधी ओळखायचं आणि काम नसताना मोठी (एनव्हिडियाची) चिप खरंच झोपते का हे तपासायचं, यावर वेळ खर्च करा.

लिनक्सवर ऑप्टिमसला आधार मिळायला बराच काळ गेला. २०११ मध्ये ‘बम्बलबी’ नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प आला. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोत्या स्त्रीने ऑप्टिमसचाच प्रश्न विचारला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. २०१३ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या ३१९ मालिकेपासून सगळा डेस्कटॉप एनव्हिडियावर चालवता येऊ लागला. एकच प्रोग्राम मोठ्या चिपवर आणि बाकी सगळं छोट्या चिपवर, ही सोय एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये २०१९ च्या ४३५ मालिकेत आली. हा इतिहास सांगायचं कारण व्यावहारिक आहे. शोध घेतल्यावर जो सल्ला समोर येतो, त्यातला पुष्कळसा २०१९ च्या आधीचा असतो. ऑप्टिरन, प्रायमसरन, बीबीस्विच, झॉर्गसाठी (पडद्यावर खिडक्या मांडणारी जुनी यंत्रणा) हाताने लिहिलेली झॉर्ग.कॉन्फ फाइल, यातलं काही सांगितलेलं दिसलं की ते पान बंद करा. आजच्या ड्रायव्हरबरोबर या गोष्टी बसवल्या की दोन यंत्रणा एकाच चिपची वीज चालू-बंद करायला जातात आणि पडदा काळा होतो.

पुढचं सगळं उबंटू २४.०४ आणि इंटेल-एनव्हिडिया जोडी धरून लिहिलं आहे. डेबियन आणि फेडोरा ही दुसरी वितरणं (लिनक्सचे तयार संच) जिथे वेगळी पडतात तिथे तसं सांगितलं आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टंकायच्या. मोठी अक्षरं जिथे लागतात तिथे उल्लेख केला आहे.

आधी पाहा, मग बसवा

‘एलएसपीसीआय -के’ चालवा आणि त्यात ‘व्हीजीए’ आणि ‘थ्रीडी कंट्रोलर’ असलेल्या ओळी शोधा. इंटेलची चिप ‘व्हीजीए’ म्हणून दिसेल. एनव्हिडियाची चिप ‘थ्रीडी कंट्रोलर’ म्हणून दिसली, तर साधारणपणे तिला एकही पडदा किंवा पोर्ट जोडलेला नाही असं समजा. ती ‘व्हीजीए’ म्हणून दिसली, तर एचडीएमआय किंवा टाइप-सी पोर्टपैकी काहीतरी तिच्याकडे असण्याची शक्यता मोठी. खात्री करायला ‘एलएस /सिस/क्लास/डीआरएम’ पाहा. तिथे ‘कार्ड१-ईडीपी-१’, ‘कार्ड०-एचडीएमआय-ए-१’ अशी नावं येतात. ईडीपी म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. ज्या कार्डाच्या नावापुढे एचडीएमआय आहे, बाहेरचा मॉनिटर चालवणारी चिप ती. कार्डाचे क्रमांक दर वेळी सारखेच राहतील असं नाही, म्हणून ‘कार्ड०’ म्हणजे इंटेलच असं गृहीत धरू नका. कुठलं कार्ड कोणाचं हे ‘/देव/डीआरआय/बाय-पाथ’ या फोल्डरमधल्या पत्त्यांवरून कळतं: इंटेलची चिप बहुधा ००:०२.० वर, एनव्हिडियाची बहुधा ०१:००.० वर.

आता चिपची पिढी. पेटीवरच्या नावावर जाऊ नका, ते फसवं असतं. ८२०एम आणि ८४०एम या दोन नावांत २० चा फरक आहे, पण पहिली चिप फर्मी पिढीतली आहे आणि दुसरी मॅक्सवेल. मध्ये केप्लर ही आख्खी पिढी येऊन गेली. एमएक्स३५० पास्कल आहे, एमएक्स४५० ट्युरिंग. जीटीएक्स १०५० पास्कल, जीटीएक्स १६५० ट्युरिंग. ‘एलएसपीसीआय’च्या ओळीत नावाच्या आधी एक सांकेतिक क्रमांक छापलेला असतो, त्याची पहिली दोन अक्षरं पाहिली की काम झालं. जीएफ म्हणजे फर्मी, जीके केप्लर, जीएम मॅक्सवेल, जीपी पास्कल, टीयू ट्युरिंग, जीए अँपिअर, एडी एडा, जीबी ब्लॅकवेल.

ड्रायव्हरची मालिका यावरूनच ठरते. फर्मीसाठी शेवटची मालिका ३९०, केप्लरसाठी ४७०, मॅक्सवेल आणि पास्कलसाठी ५८०. ट्युरिंग आणि त्यापुढच्या चिपना चालू मालिका चालते. ५० क्रमांकाच्या आरटीएक्स चिपना कमीत कमी ५७० लागते. डेबियन १२ मध्ये ५३५ आणि डेबियन १३ मध्ये ५५० मालिका आहे, म्हणजे नवाकोरा ५० मालिकेचा लॅपटॉप घेऊन त्यावर डेबियन टाकलं, तर त्याच्या स्वतःच्या भांडारातला (पॅकेजच्या साठ्यातला) ड्रायव्हर त्या चिपला ओळखणारच नाही. अशा वेळी एनव्हिडियाचं डेबियनसाठीचं भांडार जोडावं लागतं. फर्मीवाल्यांना माझा सल्ला सरळ आहे: ३९० च्या मागे लागू नका. नव्या कर्नलवर (लिनक्सचा गाभा) ती जुळवून घ्यायला जेवढे कष्ट पडतात, तेवढं काम ती चिप आज देत नाही. कर्नलमधल्या मुक्त ‘नूव्हो’ ड्रायव्हरवर तिला राहू द्या आणि डेस्कटॉप इंटेलवर चालवा.

ट्युरिंगपासून पुढे आणखी एक निवड करावी लागते: ‘ओपन’ की बंद मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग). मे २०२२ मध्ये ५१५ मालिकेबरोबर एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणाऱ्या भागाचा सोर्स खुला केला. ट्युरिंगपासून चिपच्या आत ‘जीएसपी’ नावाचा वेगळा छोटा प्रोसेसर असतो आणि आधी ड्रायव्हरमध्ये असलेलं बरंच काम त्याच्या फर्मवेअरमध्ये गेलं आहे. म्हणून जुन्या चिपवर ओपन मॉड्यूल चालूच शकत नाही. ओपनजीएल, व्हल्कन (दोन्ही चित्र काढण्यासाठी) आणि कुडा (चिपवर हिशोब करण्यासाठी) यांच्या लायब्ररी अजूनही बंदच आहेत, हे लक्षात असू द्या. ब्लॅकवेलला ओपनशिवाय पर्याय नाही. अँपिअर आणि एडावर डोळे मिटून ओपन घ्या. ट्युरिंगवर ओपन बसवून चिप झोपत नसेल, तर त्याच मालिकेतला बंद प्रकार लावून पाहावा.

बसवताना

उबंटूवर ‘उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस’ चालवलं की तुमच्या चिपला चालणाऱ्या मालिकांची यादी येते आणि त्यातल्या एकीपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं. ‘सर्व्हर’ शब्द असलेली मालिका लॅपटॉपवर घेऊ नका. मग ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’, आणि रिस्टार्ट. या वाटेचा मोठा फायदा असा, की शक्य असेल तिथे उबंटू आधीच कंपाइल केलेलं आणि कॅनॉनिकलने (उबंटूची कंपनी) सही केलेलं मॉड्यूल बसवतं. तुमच्या लॅपटॉपवर काही कंपाइल होत नाही आणि सिक्युअर बूटचा (सुरू होताना सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) प्रश्नही उठत नाही.

फेडोरावर आरपीएम फ्युजनचं ‘नॉनफ्री’ भांडार जोडून ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ पॅकेज बसवा. इथे बरेच जण घाई करतात. पॅकेज बसल्यावर मॉड्यूल मागे कंपाइल होत असतं, त्याला पाचेक मिनिटं लागू शकतात. ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ (एफ मोठा) चालवून आवृत्तीचा आकडा दिसेपर्यंत रिस्टार्ट करू नका. डेबियनवर सोर्सेसच्या ओळींत ‘कॉन्ट्रिब’, ‘नॉन-फ्री’ आणि ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हे तिन्ही शब्द हवेत, आणि ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज ‘एनव्हिडिया-ड्रायव्हर’च्या आधी किंवा बरोबर बसवायला हवं. हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नसतील तर डीकेएमएस, म्हणजे दर कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारा प्रोग्राम, ते बांधू शकत नाही; तो एक इशारा छापतो, तो शंभर ओळींत वाहून जातो, आणि पॅकेज मात्र व्यवस्थित बसल्यासारखं दिसतं.

एनव्हिडियाच्या साइटवरून ‘.रन’ फाइल उतरवून चालवू नका. विंडोजची सवय असलेले लोक नेमकं हेच करतात. ती फाइल पॅकेज मॅनेजरला न सांगता लायब्ररी थेट सिस्टममध्ये लिहिते. पुढच्या अपडेटमध्ये वितरणाचं पॅकेज त्यातल्या काही फाइलींवर स्वतःच्या फाइली लिहितं, आणि मग मॉड्यूल एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची अशी खिचडी होते. आधीच चालवून बसला असाल तर ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ करा, मग ‘एनव्हिडिया’ने सुरू होणारी सगळी पॅकेजेस पर्ज करा (सेटिंगसकट काढा) आणि नव्याने वितरणाच्या वाटेने या.

नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकतानाच पडदा काळा पडला, तर दोष बहुधा नूव्होचा असतो. नवी चिप सुरू करताना तो अडकतो. ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या) यादीत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक पर्याय जोडा आणि एफ१० दाबा. सगळीकडे यासाठी ‘नोमोडसेट’ सांगतात. त्यापेक्षा ‘नूव्हो.मोडसेट=०’ लिहा. नोमोडसेटने इंटेलच्या ड्रायव्हरचेही हात बांधले जातात: सगळं चित्र प्रोसेसरकडून काढलं जातं, उजेड कमी-जास्त होत नाही, बाहेरचा मॉनिटर दिसत नाही, पंखा सतत फिरतो. दुसरा पर्याय फक्त नूव्होला बाजूला ठेवतो. आणि नोमोडसेट कायमचा राहून गेलेले लॅपटॉप पुष्कळ असतात. तुमच्यावर तसं झालंय का हे पाहायला ‘मेसा-युटिल्स’ बसवून ‘जीएलएक्सइन्फो -बी’ (बी मोठा) चालवा. ‘रेंडरर’च्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर ग्राफिक्स चिप काम करत नाहीये. मग ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइल उघडून तो शब्द काढा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ करा.

सिक्युअर बूट बंद करू नका

मॉड्यूल तुमच्याच लॅपटॉपवर बांधलं गेलं असेल, तर त्यावर कोणाची तरी सही हवी. नाहीतर कर्नल ते घेत नाही. लक्षण ठरलेलं आहे: ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ केलं की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश येतो. सिक्युअर बूट चालू आहे का ते ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ सांगतं.

उपाय असा. डीकेएमएस स्वतःची किल्ली तयार करून ठेवतो: उबंटूवर ‘/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक’ मध्ये, डेबियनवर ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’ मध्ये. फेडोरावर ती ‘सुडो केमॉडजेनसीए -ए’ ने तयार करायची. ती ‘/ईटीसी/पीकेआय/एकेमॉड्स/सर्ट्स’ मध्ये जाते. ‘सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट’ पुढे त्या किल्लीच्या सार्वजनिक फाइलचा पत्ता द्या. एक पासवर्ड मागितला जाईल. तो एकदाच लागणार आहे, पण रिस्टार्टनंतर जी निळी स्क्रीन येते ती अमेरिकी कीबोर्ड धरून चालते, म्हणून पासवर्डमध्ये फक्त साधी अक्षरं आणि आकडे ठेवा. निळ्या स्क्रीनवर काही सेकंदांत एखादी कळ दाबावी लागते, मग ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड. चहा आणायला गेलात आणि ती स्क्रीन निघून गेली, तर ती पुन्हा आपोआप येत नाही. इम्पोर्टपासून परत करावं लागतं.

‘सिक्युअर बूट बंद करा, झालं’ हा सल्ला सोपा वाटतो, पण त्याच लॅपटॉपवर विंडोज आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती कुठे ठेवली आहे हे अनेकांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नसतं.

कोणतं काम कोणत्या चिपवर

उबंटूवर ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ सध्याची अवस्था सांगतं. तीन अवस्था आहेत. ‘ऑन-डिमांड’मध्ये डेस्कटॉप इंटेलवर आणि मागितलं तर प्रोग्राम एनव्हिडियावर. ‘एनव्हिडिया’मध्ये सगळंच मोठ्या चिपवर. ‘इंटेल’मध्ये एनव्हिडियाचं मॉड्यूल लोडच होत नाही. बदल केल्यावर रिस्टार्ट करा. ट्युरिंग किंवा पुढची चिप असेल, तर ऑन-डिमांड ठेवून द्या आणि त्याला हात लावू नका.

एखादा प्रोग्राम मोठ्या चिपवर चालवायला ‘स्विचरूसीटीएल लाँच’ लिहून पुढे प्रोग्रामचं नाव द्या. ग्नोममध्ये चिन्हावर उजवी क्लिक केली की हाच पर्याय मिळतो. स्टीममध्ये प्रत्येक गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये दोन व्हेरिएबल लिहावी लागतात, दोन्ही मोठ्या अक्षरांत आणि दोन्हींच्या सुरुवातीला दोन-दोन अंडरस्कोर: ‘__एनव्ही_प्राइम_रेंडर_ऑफलोड=१’ आणि ‘__जीएलएक्स_व्हेंडर_लायब्ररी_नेम=एनव्हिडिया’ (बरोबरच्या चिन्हानंतरचं ‘एनव्हिडिया’ मात्र छोट्या अक्षरांत), आणि शेवटी ‘%कमांड%’, तेही छोट्या अक्षरांत. फक्त पहिलं लिहिलं आणि दुसरं विसरलं तर ओपनजीएलचे गेम गुपचूप इंटेलवरच चालतात. व्हल्कनच्या गेमना दुसरं लागत नाही.

कुडाला यातलं काहीच लागत नाही. पायटॉर्च असो की ब्लेंडरचं सायकल्स, ऑन-डिमांड अवस्थेत ते चिप स्वतः शोधतात. मशीन लर्निंग शिकणारे विद्यार्थी कुडा चालावं म्हणून सगळा डेस्कटॉप एनव्हिडियावर नेतात. त्याने उलट तोटा होतो, कारण डेस्कटॉप आणि ब्राउझर चिपच्या मेमरीतला काही भाग खातात, आणि ४ जीबीच्या चिपवर तो भाग मोलाचा असतो. डेस्कटॉप इंटेलवर ठेवला तर मेमरी जवळजवळ पूर्ण मोकळी मिळते.

चिप झोपते का?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. समजा ५० वॅट-तासांची बॅटरी आहे आणि हलक्या कामाला सगळा लॅपटॉप ७ वॅट घेतो. म्हणजे सात तास. मोठी चिप रिकामी पण जागी राहून आणखी ७ वॅट घेऊ लागली, तर उरले साडेतीन. काम काहीही वाढलेलं नसतं.

तपासायची फाइल ही: ‘/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/००००:०१:००.०/पॉवर/रनटाइम_स्टेटस’. ती ‘कॅट’ने वाचा. ‘सस्पेंडेड’ आलं तर चिप झोपली आहे, ‘अ‍ॅक्टिव्ह’ आलं तर जागी. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवून कधीही तपासू नका, कारण ती कमांडच चिपला उठवते. ‘एलएसपीसीआय’सुद्धा क्षणभर उठवते. दर सेकंदाला एनव्हिडिया-एसएमआय चालवून ‘चिप झोपतच नाही’ म्हणणं म्हणजे झोपलेल्याला दर मिनिटाला हलवून ‘झोपलास का?’ विचारणं.

ती अ‍ॅक्टिव्हच राहत असेल, तर त्याच फोल्डरमधली ‘कंट्रोल’ नावाची फाइल पाहा. तिच्यात ‘ऑटो’ हवं. ‘ऑन’ असेल तर कर्नलला झोपवायची परवानगीच नाही. चिपबरोबर एचडीएमआय आवाजाचं वेगळं उपकरण ०१:००.१ या पत्त्यावर असतं. त्याचीही ‘कंट्रोल’ फाइल ‘ऑटो’ हवी, कारण दोघं एकाच वीजवाटेवर आहेत आणि एक जागं असेल तर दुसऱ्याची वीज तुटत नाही. हे कायमचं करायला युडेव्हचा (उपकरणं सांभाळणारी लिनक्सची सेवा) नियम लिहावा लागतो. अनेक वितरणांच्या पॅकेजमध्ये तो आलेलाच असतो.

मग मॉड्यूलचा पर्याय: ‘एनव्हीरेग_डायनॅमिकपॉवरमॅनेजमेंट’ (एनव्ही मोठं, आणि डायनॅमिक, पॉवर, मॅनेजमेंट या तीन शब्दांची पहिली अक्षरं मोठी). त्याची किंमत ०एक्स०१ असेल, तर ड्रायव्हर उघडलेला एकही प्रोग्राम नसतानाच चिप झोपते. व्यवहारात तसं क्वचितच होतं, कारण डेस्कटॉप स्वतःच ड्रायव्हर उघडून बसतो. ०एक्स०२ असेल तर प्रोग्राम चालू असूनही चिप थोडा वेळ रिकामी राहिली की झोपते. अँपिअर आणि पुढच्या लॅपटॉपवर हे आपोआप होतं. ट्युरिंगवर ते हाताने लिहावं लागतं: ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल करून ‘ऑप्शन्स एनव्हिडिया’ पुढे हा पर्याय द्या, ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ करा, रिस्टार्ट करा. इंटेलच्या बाजूने कॉफी लेक किंवा त्यानंतरची पिढी लागते. लागू झालं का हे ‘/प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/जीपीयूज’ खाली चिपच्या फोल्डरमधली ‘पॉवर’ फाइल सांगते. ‘फाइन-ग्रेन्ड’ शब्द दिसला पाहिजे.

एवढं करूनही जागी असेल, तर संशयित ठरलेले आहेत. पॅनेलवर तापमान दाखवणारं विजेट, जे दर दोन सेकंदांनी चिपला विचारतं. एनव्हिडियाच्या पोर्टला लावलेला मॉनिटर. तो लावलेला असताना चिप झोपूच शकत नाही. किंवा एखादा ब्राउझर वा चॅटचा प्रोग्राम चुकून मोठ्या चिपवर सुरू झालेला. एनव्हिडिया-एसएमआयच्या यादीत ‘झॉर्ग’ ४ एमआयबी घेऊन बसलेला दिसतो त्याकडे मात्र दुर्लक्ष करा. तो नेहमीच असतो आणि झोप मोडत नाही.

पास्कल आणि त्याआधीच्या चिपसाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ही झोप नाहीच. त्यांच्यासाठी दोन मार्ग: एरवी ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ ठेवून गरजेपुरतं बदलणं, किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून नूव्हो ठेवणं. नूव्हो या चिपची वीज व्यवस्थित तोडतो. तिचा पूर्ण वेग मात्र त्याला बाहेर काढता येत नाही. मॅक्सवेलच्या दुसऱ्या फळीपासून (सांकेतिक क्रमांक जीएम२० ने सुरू होणाऱ्या चिप) पुढे घड्याळाचा वेग बदलायला एनव्हिडियाने सही केलेलं फर्मवेअर लागतं. एमएक्स१५० किंवा ९४०एमएक्स असलेल्या लॅपटॉपवर कुडा लागत नसेल, तर मी नूव्होच सुचवेन.

बाहेरचा मॉनिटर आणि वेलँड

एचडीएमआय एनव्हिडियाकडे असेल, तर ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ केल्याबरोबर तो पोर्ट मेला. कॉलेजात सादरीकरणाच्या आदल्या रात्री बॅटरी वाचवायला हा बदल करू नका. ऑन-डिमांडमध्ये मॉनिटर चालतो, पण आता चित्र इंटेलवर तयार होऊन एनव्हिडियाकडे नेलं जातं, म्हणून फोर-के किंवा १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खिडक्या अडखळत हलतात. चार्जर लावून टेबलावरच काम असेल तर ‘एनव्हिडिया’ अवस्था घ्या. किंवा बायोसमध्ये ‘मक्स’चा (पडदा कोणत्या चिपला जोडायचा हे बदलणारा स्विच) पर्याय असेल तर तो ‘डिस्क्रीट’ करा. मग लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही थेट एनव्हिडियाला जोडला जातो आणि कॉपी करणं थांबतं. बायोसमध्ये डिस्क्रीट आणि उबंटूत ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ असं एकत्र कधीही ठेवू नका: पडदा ज्या चिपला जोडला आहे तिचाच ड्रायव्हर बंद, म्हणजे काळा पडदा निश्चित. त्यातून सुटायला आधी बायोस परत ‘हायब्रिड’ करा.

वेलँडचं (झॉर्गची जागा घेणारी नवी यंत्रणा) म्हणाल तर ४९५ मालिकेत जीबीएम (चित्राची मेमरी वाटून घ्यायची पद्धत) आल्यावर तो वापरण्याजोगा झाला, आणि ५५५ मध्ये एक्सप्लिसिट सिंक (चित्र पूर्ण झालं हे स्पष्ट कळवायची पद्धत) आल्यावर जुन्या एक्सच्या प्रोग्राममधलं चित्र पुढे-मागे उडणं थांबलं. त्याआधीची मालिका असेल तर लॉगिनच्या वेळी झॉर्गचं सत्र निवडणं बरं. ‘/सिस/मॉड्यूल/एनव्हिडिया_डीआरएम/पॅरामीटर्स/मोडसेट’ सुडोने वाचा. ‘वाय’ यायला हवं. ‘एन’ असेल तर वेलँडला एनव्हिडियाची चिप दिसतच नाही.

झाकण उघडल्यावर

झोपून उठल्यावर अक्षरं विस्कटलेली, खिडक्यांत रंगीत कचरा: चिपच्या मेमरीतला मजकूर झोपेत गेला. ‘एनव्हीरेग_प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीअलोकेशन्स=१’ (एनव्ही मोठं, आणि प्रिझर्व्ह, व्हिडिओ, मेमरी, अलोकेशन्स या शब्दांची पहिली अक्षरं मोठी) हा पर्याय आणि ‘एनव्हिडिया-सस्पेंड’, ‘एनव्हिडिया-रिझ्यूम’, ‘एनव्हिडिया-हायबरनेट’ या सिस्टमडीच्या सेवा, दोन्ही एकत्र लागतात. पर्याय दिला आणि सेवा सुरू नसतील, तर लॅपटॉप झोपायलाच नकार देतो. मेमरीतला मजकूर डीफॉल्टने ‘/टीएमपी’ मध्ये लिहिला जातो. फेडोरासारख्या वितरणांत ते रॅममध्ये असतं आणि भरतं. ‘एनव्हीरेग_टेम्पररीफाइलपाथ=/व्हार/टीएमपी’ (एनव्ही मोठं, आणि टेम्पररी, फाइल, पाथ यांची पहिली अक्षरं मोठी) दिलं की डिस्कवर जातं.

उठलाच नाही तर बटण दाबून बंद करा, पुन्हा सुरू करून ‘जर्नलसीटीएल -बी -१ -के’ ने आधीच्या सत्राची कर्नलची नोंद वाचा. ‘एनव्हीआरएम: एक्सआयडी’ (एनव्हिडियाचा त्रुटी-क्रमांक) शोधा. त्यापुढे ७९ हा आकडा आणि ‘फॉलन ऑफ द बस’ असेल, तर चिपने पीसीआय एक्सप्रेसवर उत्तर देणं सोडलं. आधी बायोस अपडेट करा, मग वर सांगितलेली झोप तात्पुरती बंद करून पाहा. तरीही, तेही भार असताना हे होत असेल, तर उष्णता किंवा हार्डवेअरकडे वळा. ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही.

फक्त इंटेल किंवा फक्त एएमडी असलेल्यांना यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसामध्ये (मुक्त ग्राफिक्स लायब्ररी) आहे. ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज ताजं ठेवा, नव्या चिपवर नवं कर्नल घ्या. इंटेलवर पडदा अधूनमधून लुकलुकत असेल तर ग्रबमध्ये ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ देऊन पाहा; एएमडीवर तेच काम ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’ करतं. कुडा आणि मोठे गेम यांची गरज नसलेल्याने लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना एनव्हिडिया नसलेलाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पैसेही वाचतात आणि वजनही.

कर्नल अपडेटनंतर

‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ असा संदेश आला, तर घाबरून काही पुन्हा बसवू नका. अपडेटने लायब्ररी बदलली आहे आणि जुनं मॉड्यूल अजून मेमरीत आहे. रिस्टार्ट केलं की मिटतं. रिस्टार्टनंतर डेस्कटॉपच आला नाही, तर ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’खालून आधीचं कर्नल निवडून आत या आणि ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल, तर त्या कर्नलची हेडर बसवून ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ करा. यादी रिकामीच आली, तर तुम्ही उबंटूची आधी बांधलेली मॉड्यूल वापरताय. तेव्हा ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया’ने सुरू होणारं पॅकेज तुमच्या कर्नलच्या प्रकाराशी जुळतं का पाहा. कर्नल ‘एचडब्ल्यूई’ (नव्या हार्डवेअरसाठीचं) आणि मॉड्यूलचं पॅकेज ‘जेनेरिक’ (साध्या कर्नलसाठीचं) अशी जोडी झाली असेल, तर दोष तिथेच आहे. जुनं कर्नल ‘ऑटोरिमूव्ह’ने काढून टाकण्याआधी नव्यावर एकदा झाकण बंद करून, उघडून आणि एचडीएमआय लावून पाहा.